जसंच्या तसं घर

"कुणाला खरं वाटणार नाही, मॅडम," दाजीबा खोत तपासणीला आलेल्या अभियंता बाईंना म्हणाले, "पण पुरात आमचं घर दोन पुरुष वर तरंगलं आणि पाणी ओसरताच जसंच्या तसं जोत्यावर टेकलं. कपातला चहासुद्धा हिंदकळला नाही."

नदीकाठचा नियमच तसा होता. तरंगतं घर उतरताना जसंच्या तसं बसलं, तरच राहण्याचा दाखला. नाहीतर बिऱ्हाड छावणीत. तरंगताना घर जागेवर धरणाऱ्या साखळ्या दाजीबांनी स्वतः जोडल्या होत्या, त्यामुळे छाती फुगलेलीच होती. बाईंनी सहीसाठी पेन काढलं.

तेवढ्यात आतून दाजीबांची बायको गोदाक्का म्हणाली, "अहो, पुरापासून मी पुढच्या अंगणातल्या तुळशीपाशी दिवा लावायला मागच्या न्हाणीच्या खिडकीतून उतरते, तेवढंही सांगा की."