आणखी एक हात

"अजून ओलंच आहे," सासरे म्हणाले आणि दाराच्या पल्ल्यावर टेकवलेलं बोट त्यांनी सुनेला दाखवलं. बोट ठणठणीत कोरडं होतं.

सून रोज संध्याकाळी घरी यायची. आज दुपारीच कामावरून परतली आणि म्हाताऱ्याची चांगलीच पंचाईत झाली. ओट्याखालची कपाटं उघडी, भांडी चव्हाट्यावर, जमिनीवर वर्तमानपत्रं अंथरून त्यावर चारही पल्ले आडवे, आणि म्हातारबुवांच्या मुठीत पॉलिश पेपर. केसांवर, भुवयांवर पांढरी भुकटी. चोर सापडला की निदान पळतो तरी. यांना उठायलाच ओट्याचा आधार लागायचा.

मुलगा गेल्या वर्षी दुसरीकडे संसार थाटून मोकळा झाला. जाताना कपाटांचं काम अर्धवट टाकून गेला. जुनी दारं काढलेली, नवी नुसती कापलेली. सून मात्र राहिली. का राहिली, हे विचारायची सासऱ्यांची छाती झाली नाही. मग एका सकाळी चहा गाळता गाळता तिनेच सांगितलं, "मी दादाकडे जाते, बाबा. तिथे कामही मिळतंय. पण घर असं उघडं टाकून नाही जाणार. दारं बसली की जाईन."

झालं! म्हाताऱ्याने दारं हातात घेतली. उभा जन्म टपाल वाटण्यात गेलेला, रंधा कशाशी खातात ते ठाऊक नव्हतं. पण शिकले. कडा साफ केल्या, भेगांत लांबीचा लगदा भरला, वॉर्निश लावलं. लावता लावता दारं खरंच होत आली, तसा त्यांनी हात आखडता घेतला.

मग हा उद्योग सुरू झाला. सकाळी तिच्यादेखत वॉर्निशचा एक हात द्यायचा आणि दुपारी ती नसताना तोच घासून काढायचा. शेजारीण म्हणालीसुद्धा, "काका, कपाटाचं दार करताय की राजवाड्याचं?" त्यांनी ते हसण्यावारी नेलं. सांगणार काय? ती गेली की भिंतींशी बोलायचं, आणि भिंती काही 'जेवलात का' म्हणून विचारत नाहीत.

सून खाली बसली. पल्ल्याच्या कडेवरून तिने तळहात फिरवला. कोपरे वापरलेल्या साबणासारखे झिजून गोल झाले होते.

"बाबा, आणखी घासलंत तर दार उरायचं नाही."

"एक शेवटचा हात देतो. मग दोन दिवस वाळू दे. यात घाई केली ना, की..."

"रविवारी दादा गाडी घेऊन येतोय."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं. तिने नुसत्या बाह्या वर सारल्या, खोक्यातून बिजागऱ्या काढल्या आणि स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला.

"तुम्ही धरा. मी पिळते."

तीन पल्ले बसले. मध्ये एकदा तिने नाक ओढलं, ते भुकटीमुळे असावं असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं.

चौथा पल्ला धरताना त्यांची पकड सैल झाली. खालची बाजू किंचित उतरली. असाच वाकडा बसला तर दार मिटणार नाही, हे त्यांना दिसत होतं. मग ते काढावं लागेल, पुन्हा भोकं बुजवावी लागतील, पुन्हा घासावं लागेल. दादाला निरोप जाईल, या रविवारी नको म्हणून. गप्प राहायचं, एवढंच करायचं होतं. देवा, एवढंच!

तिने भोकावर स्क्रू टेकवला.

"थांब," सासरे म्हणाले.

ती थांबली. वर बघून वाट पाहत राहिली. तिच्या डोळ्यांत बघणं त्यांना झेपलं नाही. त्यांनी पल्ला केसभर वर उचलला आणि त्याची कड शेजारच्या पल्ल्याशी नीट जुळवली.

"हं. आता पिळ."