चिंचेची ढोली

"ताई, उंदरांना औषध घालू नका. तेच उंदीर घुबड खातं," आमच्या सोसायटीच्या बागेचे माळी धोंडूकाका परवा म्हणाले.

"घुबडाचा पुळका पुरे, काका! माझं बाळ रांगतं त्या हिरवळीवर," मी म्हटलं. औषध टाकायच्या अर्जावर पहिली सही माझीच होती.

आत्ता बाळाला थोपटत गॅलरीत उभी आहे. खाली दिव्याच्या उजेडात एक उंदीर झोकांड्या खात चाललाय. घुबड आवाज न करता उतरलं, त्याला अलगद उचलून चिंचेच्या ढोलीत शिरलं. आतून पिल्लांचं भुकेलं फिस्कारणं ऐकू आलं आणि थांबलं. घास मिळाला असणार.

मी ओरडले, थाळी वाजवली. बाळ दचकून रडायला लागलं. घुबड दुसऱ्या उंदराकडे निघालंसुद्धा.

काका फोन उचलत नाहीत. बाळाजवळ दुसरं कुणी नाही, आणि त्याच्या रडण्यात मला इथून काही ऐकू येत नाही. चिंच बागेच्या मागच्या भिंतीला लागून आहे. त्या बाजूला राहणारं कुणी हे वाचत असेल, तर कृपा करून भिंतीशी जा. पिल्लं अजून फिस्कारतायत का, एवढं ऐकून मला कळवा.