तपासणीपुरतं बाहेर

"अहो आई, तपासनीस येऊन जाईपर्यंत जिन्यात बसता का?" इरा सासूची नजर चुकवत म्हणाली. "तुमच्या अंगात ताप आहे. भिंतींना लगेच कळेल."

इमारतीच्या भिंतींना बुरशीच्या लाद्यांचं अस्तर होतं. चंद्रपूरचं ऊन ते आत येऊ देत नसे आणि माणसाची ऊब बाहेर जाऊ देत नसे. तपासणीत एका घराचा पारा चढलेला दिसला, तरी अख्ख्या इमारतीचं हरित प्रमाणपत्र जाई आणि त्याबरोबर नळाचं पाणीही.

प्रणिताबाई जिन्यात येऊन बसल्या. पायऱ्या भाजत होत्या. लग्नानंतर पाळी आली की त्यांची सासू त्यांना असंच बाहेर, गोठ्यात बसवायची. इरा सून म्हणून आली तेव्हा त्यांनी घरादाराशी भांडून सांगितलं होतं, "माझ्या घरातली बाई बाहेर बसणार नाही."

दार किलकिलं झालं. इरा तांब्या घेऊन वाकली. "वरून ओतते हं. तांब्याला हात लावू नका, तापला तर आत घेता यायचा नाही."

प्रणिताबाईंनी ओंजळ पुढे केली. ती किती अंतरावर धरायची, हे त्यांना सांगावं लागलं नाही.