बाणावरचं नाव

मॅडमनी त्याच्या आकृतीवर लाल पेनाने फुली मारली आणि कागद वर्गाकडे फिरवला.

"काका, हा गोल कोण?"

"मी."

"आणि चौकोन?"

"मुलगी. घरात दोघंच आहोत."

गोल म्हणजे काम करणारा. चौकोन म्हणजे बाहेरचा. बाण म्हणजे इकडून तिकडे जाणारी माहिती. एवढं त्याला आता कळत होतं. कारखान्याच्या गोदामात कॉम्प्युटर बसणार होता, म्हणून साहेबांनी गोदाम सांभाळणाऱ्यालाच या संध्याकाळच्या वर्गात ढकललं होतं. विषयाचं नाव लांबलचक, 'माहिती प्रणालीचं विश्लेषण आणि रचना'. गृहपाठ मात्र साधा होता. आपल्या घरात माहिती कुठून कुठे जाते, ते काढा.

त्याने काढलं होतं. गोलातून चौकोनाकडे बाणच बाण. शिस्त. सल्ला. चार समजुतीच्या गोष्टी. बायको गेल्यापासून मुलीला त्यानेच सगळं दिलं होतं, आणि ते त्याने ठसठशीत काढलं होतं.

"सगळं बाहेर जातंय," मॅडम म्हणाल्या. "आत काहीच येत नाही. कुठूनही काही न मिळता हा गोल आपोआप देतच सुटलाय. आमच्या विषयात या चुकीला चमत्कार म्हणतात."

मागच्या बाकावरून आवाज आला, "काका, दर्शनाची वेळ काय?"

वर्ग खिदळला. तो उभाच राहिला.

"चूक नाहीये मॅडम. मला घरात कोणी काही सांगत नाही. आहे तसं काढलंय."

"तुम्हाला वाटतं तसं काढलंय. घरी जा, गप्प बसा, बघा. घडतं तेच काढा. आणि प्रत्येक बाणावर नाव पाहिजे. नाव सुचत नसेल तर बाण खोटा."

"याच्या उलट झालं तर?" पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारलं. "नुसतं आत, बाहेर काहीच नाही?"

"ते विवर. कितीही ओता, गडप. ही चूक जास्त वाईट."

मॅडम त्याच्या मुलीच्या वयाच्या. रस्ताभर तो त्यांच्याशी मनातल्या मनात भांडत आला. घरात शिरला, चपला भिरकावल्या, टेबलावर कोरा कागद पसरला. मधोमध गोल, बाजूला चौकोन. बघू, काय येतंय आत. काही आलं नाही की हाच कागद उद्या त्यांच्या तोंडावर मारायचा.

मुलगी कामावरून आली. पिशवी खुंटीला अडकवली.

"लवकर आलात आज?"

त्याने पेन्सिल उचलली. चौकोनातून गोलाकडे बाण. वर लिहिलं, 'चौकशी'.

"डोळ्यांत थेंब घातलेत का?"

दुसरा बाण. 'औषध'.

"काय काढताय एवढं?"

तिसरा. त्याला आता मजा यायला लागली. मॅडम म्हणाल्या ते खरं होतं, नुसतं गप्प बसायचं, बाण आपोआप येतात. ती स्वयंपाकघरातून बोलत होती. नळ गळतोय. शेजारच्या काकू त्याची विचारपूस करत होत्या. तिच्या कचेरीत कोणीतरी सगळ्यांसमोर तिचा अपमान केला. तो भराभर लिहीत होता. 'नळ'. 'शेजार'. 'अपमान'. अक्षर सुबक, बाण सरळ. गोदामातल्या फळ्यांसारखं सगळं जागच्या जागी.

ती हात पुसत दारात आली. मग पाठ केलेलं म्हणून दाखवावं तसं म्हणाली, "बाबा, त्या बदलीचं काय करू? दुसऱ्या शहरात आहे, पद वरचं आहे. जाऊ का?"

'बदली', त्याने लिहिलं.

ती आत गेली. दार लावून घेतलं, आवाज न करता.

त्याने कागद हातभर लांब धरला. झकास जमलं होतं. चमत्कार गेला होता. सगळे बाण आत. आता फक्त बाहेर जाणारे काढायचे, की आकृती पुरी.

पेन्सिल गोलाच्या कडेवर टेकली आणि तिथेच राहिली.

घडतं तेच काढा. घरी आल्यापासून तो एक अक्षर बोलला नव्हता. काल? परवा? सल्ला कधी दिला होता शेवटचा? त्याला एक वाक्य आठवेना. कागदावर एक गोल होता आणि त्यात सगळं जाऊन पडत होतं.

त्याने एक बाण ओढला, गोलातून चौकोनाकडे. आता नाव. 'नको' लिहिलं, की ती राहील. 'जा' लिहिलं, की या घरात भिंती आणि तो. त्याने 'नको' लिहिलं. खोडलं. कागद फाटेस्तोवर खोडलं. मग 'जा' लिहिलं, आणि दोनदा गिरवलं.

तो उठला. आपल्याच घरातलं दार त्याने परक्यासारखं वाजवलं.

दार उघडलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"त्या बदलीचं विचारलंस ना," तो म्हणाला. "जा तू. माझं मी बघेन."

ती हातातली घडी मोडून परत घालू लागली.

"ती बदली गेल्या वर्षीच दुसऱ्या कुणाला तरी दिली, बाबा. कचेरीतले उत्तर मागत होते. तुमचं काही येईना, म्हणून मीच नाही म्हणून कळवलं."

"मग आज विचारलंस ते?"

"ते मी अधूनमधून विचारते," ती म्हणाली. "आत कोणी आहे का, एवढंच बघायला."