निळी देठं

नातीसाठी स्थळ बघायला आलेल्या मथुराबाईंच्या ताटात भरली वांगी पडली, ती हिरव्यागार देठांची. औषध फवारलं की नव्या बियाण्याच्या वांग्याचं देठ निळं पडतं, हे आता शेंबडं पोरही जाणतं. मथुराबाईंना घर तिथंच पसंत पडलं.

हात धुवायला त्या मागच्या दारी गेल्या, तर गोठ्याच्या आडोशाला खुडलेल्या निळ्या देठांचा हा ढीग! शेजारी बिनदेठाच्या वांग्यांचे क्रेट, टेम्पोची वाट बघत रचलेले.

"ती शहरातल्या मेसवाल्यांची, मावशी," मुलाचे वडील घाईघाईने मागे येत म्हणाले. "घरचा वाफा वेगळा आहे. त्याला औषधाचा थेंब लागू देत नाही आम्ही. तुमची रेवती सून होऊन आली, की तिच्या नजरेला निळं देठ पडायचं नाही."

"पडेल कसं? तुम्ही खुडून टाकता ना."

मथुराबाईंनी पदराला हात पुसले आणि चपला पायात सरकवल्या.

"आणि सून व्हायच्या आधी ती कुणाचीच नव्हती का हो? आज चार वर्षं माझी पोर शहरात मेसमध्येच जेवतेय."