पुढचा दात

मैथिलीने अलकाताईंना खिडकीशी नेलं आणि नमुन्याच्या दातांची पट्टी त्यांच्या ओठांशी धरली. दाताचा रंग दिवसाच्या उजेडातच जुळवायचा असतो. त्यांचा तुटलेला पुढचा दात ती आज परीक्षेत बांधणार होती. पुढे तिला लोकांचं हसू घडवणारी कॉस्मेटिक डेंटिस्ट व्हायचं होतं.

"जुळला रंग! आता तुमच्या आईलासुद्धा कळणार नाही."

"तेच हवंय, मॅडम. पंचमी आली, की पाय माहेराकडं वळतात. पण मागच्या खेपेला आईनं गालावरचा वळ बघितला. म्हणाली, पुन्हा काही दिसलं तर सासरी धाडायची नाही. घर मोडेल हो माझं."

"उंबऱ्यावर पडले म्हणाला होतात ना?"

"उंबरा काय करतोय बिचारा!" अलकाताई हसल्या, आणि हसता हसता पदर तोंडाशी गेला.

परीक्षक शेजारच्या खुर्चीपाशी पोचले होते. आज दात झाला नाही, तर मैथिली नापास होणार होती. तिने खुर्चीवरचा दिवा बंद केला.

"ताई, आधी हे आईला बघू दे. मग कधीही या, मी बांधून देईन."

अलकाताई बराच वेळ जिभेनं दाताची तुटकी कड चाचपत राहिल्या. मग त्यांनी पिशवी उचलली, मैथिलीच्या गालावरून हात फिरवला आणि जिना उतरल्या.

परीक्षक आले. "तुमच्या पेशंट कुठायत?"

"माहेरी गेल्या, सर."