इंजिनाखालची रबरं

आमचा नातू ऋषिराज कुणाचं म्हणून ऐकत न्हाय. गाडी पळवायची हौस, म्हणून इंजिन ज्यावर बसतं ती कंपनीची मऊ रबरं काढून त्यानं बाहेरची कडक बसवली. तवापासनं गाडी नुसती चालू करून उभी केली, तरी आतल्या माणसाचे दात वाजतात.

नातसून स्वरूपाला सातवा महिना. तपासायला बावड्याहून बारामतीला जाताना पोरगी पोट धरून बसते, आणि ती घरी येईस्तोवर माझा जीव थाऱ्यावर नसतो. मी म्हणलं, "मऊ रबरं परत बसव की रं."
"आज्जी, मग पिकअपची मजा जाती. तुला न्हाय कळायचं."

परवा तो इंदापूरच्या गॅरेजातनं आला, तर गाडी एकदम गप्प. कडक रबरं काढून परत मऊ बसवून आला होता. मला वाटलं, आली बाबा बायकोची दया! स्वरूपानं कौतुकानं विचारलं, तर हसत म्हणतो, "अगं, गाडीत रील काढताना मोबाईल लई हलत होता."



मी म्हणलं, "ऋषिराज, स्वरूपाला आता मी नेते. तू त्या मोबाईलला बारामतीला तपासून आण."